न झालेल्या लढाईतला रणगाडा

मित्रांनो, गेल्या नोव्हेंबरात एका मंगळवारी मी एकट्याने टायगर जाळला. टायगर म्हणजे जंगलातला वाघ नव्हे, जर्मनांचा तो अजस्र रणगाडा. मी त्याला मागून गाठला आणि एका गोळ्यात जाळला.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलंच नाही. आमच्या क्लबची तशी अधिकृत भूमिका आहे आणि मी शिस्तीत वाढलेला रणगाडा आहे. तेव्हा तुम्हाला अजून काहीच ठाऊक नाही असं आपण धरून चालू, आणि मी पहिल्यापासून सांगतो.

मी एक जुना आणि फार लहान रणगाडा आहे. किती लहान, तर मी काडेपेटीत मावतो. फक्त तोफेची नळी बाहेर राहते. जातीने मी स्टुअर्ट. खऱ्या युद्धात स्टुअर्टचं काम असं की सर्वांच्या पुढे पळत जायचं, शत्रू कुठे लपलाय ते बघायचं आणि परत येऊन सांगायचं. यातला परत येण्याचा भाग दर वेळी जमतोच असं नाही. चिलखत पातळ, तोफ बारीक, पण पळायला मात्र आम्ही वस्ताद.

माझा जन्म एका गॅरेजात झाला. शिसं आणि कथील वितळवून मला रबराच्या साच्यात ओतलं. बाहेर आलो तेव्हा माझ्या कडांना धातूचे पापुद्रे लोंबत होते आणि डावा पट्टा वेगळ्या पुडीत होता. जगात येताना सगळेच थोडे विस्कटलेले असतात, पण पाय दुसऱ्या पुडीत असलेले कमी.

मला घरी आणलं विल्फ ॲक्रॉइडने. विल्फ आमच्या ऑसरब्रिज गावात आयुष्यभर बस चालवायचा. निवृत्त झाला त्या हिवाळ्यात त्याने मला रंगवायला घेतलं. आधी पापुद्रे घासले, मग पट्टा चिकटवला, मग हिरवा रंग, त्यावर चिखलाचा तपकिरी, आणि बुरुजावर पांढरा तारा. तारा काढताना तो श्वास रोखून धरायचा. त्याची बायको आयव्ही दाराशी उभी राहून बघायची.

"विल्फ," ती एकदा म्हणाली, "इतक्या निगुतीनं कधी मागचं दार रंगवलं असतंस ना, तर माझ्या जन्माचं सार्थक झालं असतं."

"दाराला तारा नसतो गं," विल्फ म्हणाला.

ते दार अजून तसंच आहे. आयव्ही मात्र नाही. त्यानंतर विल्फची नजरही अधू झाली, आणि त्याने दुसरा रणगाडा रंगवला नाही. म्हणजे त्याच्या सैन्यात मी एकटाच. सेनापतीही मी आणि शिपाईही मीच. मला याचा अभिमान वाटतो. फार थोड्या जणांना आपण म्हणजेच सगळी फौज असं म्हणता येतं.

टेबलावर लढाया खेळणाऱ्यांचा आमचा क्लब दर मंगळवारी संध्याकाळी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. हॉलची किल्ली म्युरिएल हॅस्लमकडे. चहाची किटलीही तिच्याकडे आणि ब्रिटिश तोफखानाही तिच्याकडेच. दोन टेबलं जोडायची, त्यांवर हिरवं कापड पसरायचं, कापडाखाली पुस्तकं सारून टेकड्या करायच्या, आणि भांडी घासायच्या काथ्याची कुंपणं मांडायची. झालं फ्रान्स तयार.

मित्रांनो, या खेळात एक नियम आहे. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही, पण देशभर पाळला जातो. नवा रंगवलेला रणगाडा पहिल्या खेळात, पहिल्याच फेरीत जळतो. मीही जळलो. सगळ्यांनी विल्फची पाठ थोपटली, कारण ते शुभ मानतात. इतरांच्या बाबतीत ही रीत एकदाच पाळली जाते. माझ्या बाबतीत तिची सवय झाली. मी नॉर्मंडीत जळलो, वाळवंटात जळलो, बर्फात जळलो. एकदा नदी ओलांडताना भर पाण्यात जळलो. त्यानंतर रॉडरिक पिलिंगने नदीसाठी वेगळा नियम लिहिला.

रॉडरिक म्हणजे आमचे मास्तर. दिवसा शाळेत भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी नियम लिहायचा. चालू नियमांवर तो कधीच खूश नसे.

जळलेल्या रणगाड्यावर कापसाचा बोळा ठेवतात. तो धूर. त्या बोळ्याखाली मी इतकी वर्षं काढली की लढाईचा उत्तरार्ध कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. आवाज तेवढे यायचे. फासे खडखडायचे, बिस्किटं मोडायची, आणि कुणीतरी म्हणायचं, "अरे, हा विल्फचा कधी गेला?"

"आल्या आल्या," दुसरं कुणीतरी म्हणायचं.

विल्फ हसायचा. "त्याला गर्दी आवडत नाही," म्हणायचा, आणि घरी जाताना मला रुमालात गुंडाळून टॉफीच्या डब्यात ठेवायचा. मला कधी एका शब्दाने बोलला नाही.

आता नायजेल. नायजेल टॅटर्सॉल विम्याच्या कचेरीत होता. चाळिशीतला माणूस, पण दुर्घटनेचा अंदाज घेता घेता चेहरा साठीचा झालेला. टायगर त्याचा. त्याने तो सहा महिने रंगवला होता. नुसता चिखल म्हणाल तर चार प्रकारचा. बुरुजावर उभ्या असलेल्या कमांडरच्या डोळ्यांत बुबुळंसुद्धा होती. आमच्याकडे कुणाला बुबुळं नव्हती. आम्ही अंदाजाने लढत होतो.

ऑक्टोबरात क्लबची सभा झाली. वसंतातल्या प्रदर्शनासाठी आपल्याला एक मोठं रणांगण मांडायचंय, नायजेल म्हणाला, आणि आपल्याकडे जळक्या गाड्या कमी आहेत.

"नवी गाडी घेऊन ती जाळायची म्हणजे जिवावर येतं," तो म्हणाला. "मग मला वाटलं, वाईट वाटून घेऊ नका हं विल्फ, पण तुमचा तो स्टुअर्ट तसाही पहिल्याच फेरीत जळतो. त्याला कायमचाच काळा केला आणि वर कापूस चिकटवून टाकला, तर दर वेळी बोळा ठेवायची खटपट तरी वाचेल."

हॉलमध्ये सगळे आपापल्या कपात बघू लागले.

"ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत," रॉडरिक म्हणाला.

आणि मित्रांनो, सगळ्यांत आधी हात वर केला तो विल्फने.

तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल. पण आमच्या ऑसरब्रिजमध्ये समोरचा माणूस इतक्या नम्रपणे बोलत असताना त्याला नाही म्हणणं असभ्य समजतात. इथे एखाद्याच्या पायावर सायकल घातली तर ज्याचा पाय आहे तोच माफी मागतो. विल्फने मला मारायला संमती दिली ती निव्वळ सौजन्यापोटी. वर म्हणाला, "छान कल्पना आहे." त्याचा हात वर होता तसाच राहिला, कारण खाली केव्हा घ्यायचा ते त्याला कळेना.

मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. मरणाची मला भीती नव्हती. त्यात माझा हातखंडा होता. पण मेलेला रणगाडा पुढच्या मंगळवारी पुन्हा उभा राहतो. कापूस चिकटवलेला रणगाडा रणगाडा उरत नाही. तो देखावा होतो, झाडं आणि टेकड्या असतात तसा. आणि माझं जाऊ द्या. मी गेलो की विल्फकडे हलवायला काही उरणार नव्हतं. मंगळवारी या हॉलमध्ये यायचं कारण त्याच्यापाशी एकच होतं, आणि ते काडेपेटीएवढं होतं.

म्युरिएलने किटली खाली आपटली.

"फाशीच्या कैद्यालासुद्धा शेवटचं जेवण देतात," ती म्हणाली. "एक लढाई देऊ या त्याला. शेवटपर्यंत टिकला तर राहील. जळला तर तुझा."

"माझी काहीच हरकत नाही," नायजेल म्हणाला. त्याची हरकत चेहऱ्यावर दिसत होती, पण तीही सौजन्याने.

एक अडचण मात्र निघाली. पुढचा मंगळवार रॉडरिकने नियमांच्या चाचणीसाठी राखून ठेवला होता. त्याने नियमांत बदल केले होते आणि ते खेळून बघायचे होते.

"म्हणजे ही चाचणी," त्याने बोट वर केलं. "चाचणीतले निकाल क्लब धरत नाही. सुरुवातीपासूनची पद्धत आहे."

"मास्तर, तुम्ही चाचणी करा," म्युरिएल म्हणाली. "आम्ही फाशी करतो. टेबल एकच वापरू."

तो मंगळवार आला. नायजेल येताना एका बाटलीचं झाकण घेऊन आला होता. झाकणात गोंद होता, आणि गोंदात बुडवून ठेवलेला काळपट रंगवलेला कापसाचा एक सुंदर बोळा. माझ्यासाठी. धुराला वाऱ्याची दिशासुद्धा दिलेली होती. नायजेल माणूस म्हणून वाईट नव्हता, मी हे नेहमी सांगतो. तो जे करायचा ते मन लावून करायचा.

रॉडरिकने बदल वाचून दाखवले. पहिला बदल अंतरांचा. आजवर सगळं इंचात मोजत. तोफा इतक्या लांब मारायच्या की फ्रान्समधून डागलेला गोळा चहा देण्याच्या खिडकीत जायचा. म्हणून यापुढे इंच बंद, आकडे तेच पण सगळं सेंटीमीटरमध्ये. दुसरा बदल असा की रणगाड्याला मागून मारलं तर त्याचं चिलखत निम्मं धरायचं. तिसरा बदल फाशाचा. मागच्या महिन्यात एक फासा पियानोखाली गेला होता आणि तो शोधण्यात अर्धी लढाई संपली होती. म्हणून फासा जिथे पडेल तिथला आकडा ग्राह्य. पुन्हा टाकायचा नाही, उचलायचा नाही, हलवायचाही नाही.

"आणि चाचणी आहे म्हणून सगळं मीच मोजणार," रॉडरिक म्हणाला. "हात सुटला की चाल पक्की, हे आहेच."

विल्फला ते सोयीचंच होतं. टेबलावर वाकलं की त्याची कंबर धरायची.

मला एका कुंपणामागे ठेवलं. समोर, टेबलाच्या पार पलीकडे, चर्चजवळ टायगर उभा होता, बुबुळांसकट. माझी चाल होती चोवीस सेंटीमीटर. तेवढ्यात मी फार तर दुसऱ्या कुंपणापर्यंत पोहोचलो असतो. तिथे टायगरने मला पाहिलं असतं, आणि त्यानंतर कापूस.

"कुठे नेऊ, विल्फ?" रॉडरिकने विचारलं.

"उजवीकडच्या रस्त्यानं. जमेल तितका लांब ने रे बाबा. बरा पळतो तो."

रॉडरिकने खिशातून आपली टेप काढली. त्या टेपच्या एका बाजूला सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला इंच. मित्रांनो, ज्या माणसाने तीस वर्षं एकाच बाजूने मोजलं आहे, त्याच्या अंगठ्याला नवे नियम कोण वाचून दाखवणार? रॉडरिकने टेप ओढली, चोवीसवर बोट ठेवलं आणि मला उचललं.

मी निघालो. पहिलं कुंपण गेलं. दुसरं कुंपण गेलं. ओढा गेला. गाव आलं आणि गेलं. एक टेकडी गेली, तिच्या पोटातल्या शब्दकोशासकट. मला वाटलं आता थांबू, पण रस्ता संपेना. आयुष्यात पहिल्यांदा मी लढाईचा दुसरा निम्मा भाग पाहत होतो. तिथे गवत अगदी नवं होतं, कुणी वापरलेलंच नव्हतं. चर्चला वळसा घालून रॉडरिकने मला खाली ठेवलं आणि हात सोडला.

माझ्या नळीसमोर टायगरची पाठ होती.

"बरंच लांब गेला," रॉडरिक कौतुकाने म्हणाला. "बघा, नवे नियम किती वेगवान आहेत."

नायजेल खाली वाकून बघत होता. "हा इथे कसा आला?"

"रस्त्यानं," विल्फ म्हणाला.

"पाच किंवा सहा हवा," रॉडरिकने जाहीर केलं. "मागून मारतोय म्हणून. एरवी शक्यच नव्हतं."

विल्फने फासा हातात घेतला आणि टाकला. फासा चर्चच्या कळसावर आपटला, टेबलाच्या काठावर उडाला, आणि टुप्पकन नायजेलच्या चहाच्या कपात पडला.

कप भरलेला होता. चहा दुधाचा. तळाला काय चाललंय ते कुणालाच दिसेना.

"पुन्हा टाका," नायजेल म्हणाला.

"फासा जिथे पडेल तिथला आकडा ग्राह्य," रॉडरिक म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. आपला नियम इतक्या लवकर उपयोगी पडेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "हलवायचा नाही. कपही हलवायचा नाही."

"मग बघायचं कसं?"

चहा ओतून देणं कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही रानटी नाही. म्युरिएलने एक चमचा आणून नायजेलपुढे ठेवला.

"पी," ती म्हणाली.

"गरम आहे."

"फुंकून पी, राजा."

नायजेल चमच्याने चहा पिऊ लागला. त्याचा रणगाडा जळला की नाही हे कळायला त्याला स्वतःलाच तो कप संपवायचा होता, आणि इतक्या सावकाश चहा पिताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. प्रत्येक चमच्यानंतर तो रुमालाने ओठ टिपायचा. इतर सगळे कपाभोवती उभे होते. म्युरिएलने सवयीने त्याच्यापुढे बिस्किट धरलं. त्याने आभार मानून घेतलं.

"मास्तर, नियमात वेळेची काही मर्यादा?" म्युरिएलने विचारलं.

"पुढच्या आवृत्तीत घालतो."

विल्फ खुर्चीवर बसला होता. टेबलाकडे त्याने पाहिलं नाही. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बसून होता, बस सुटायची वाट बघत बसतात तसा.

चहा खाली गेला. आधी फाशाचा वरचा काठ दिसला, मग एक ठिपका. मग चारही कोपऱ्यांत ठिपके आणि मधोमध एक.

"पाच," रॉडरिक म्हणाला.

मित्रांनो, मी कितीदा जळलो ते सांगितलं, पण कधी कुणाला जाळलं नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं की माझ्या अंगावरचा तारा थोडा मोठा झाला असावा.

म्युरिएलला आनंदाच्या भरात एकच गोष्ट सुचली, ती म्हणजे रीत. जळलेल्या रणगाड्यावर कापूस ठेवायचा. तिने समोर दिसला तो बोळा उचलला, झाकणातला, आणि टायगरच्या बुरुजावर दाबून बसवला. कमांडरच्या डोक्यासकट.

"नको!" नायजेल ओरडला. सौजन्य सोडून ओरडलेला तो त्याचा पहिला आणि शेवटचा शब्द.

त्याने बोळा ओढून पाहिला. कापसाबरोबर टायगरही वर आला. गोंद उत्तम प्रतीचा होता. नायजेल स्वस्तातलं काही वापरतच नसे.

तेवढ्यात त्याची नजर टेपवर गेली. टेप अजून टेबलावर पसरलेली होती.

"रॉडरिक," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ही इंचांची बाजू आहे."

रॉडरिकने टेप पाहिली. मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा होता. स्वतः बंद केलेले इंच स्वतःच्याच हाताने परत आले होते.

"हात सुटला की चाल पक्की," म्युरिएल म्हणाली.

"पण चाचणीतले निकाल क्लब धरत नाही!" रॉडरिकला एकदम सुटकेचा मार्ग दिसला. "मी जाहीर करतो की आजची लढाई झालेली नाही. कुणी हललं नाही, कुणी मोजलं नाही, कुणी जळलं नाही."

"म्हणजे टायगर जळला नाही," नायजेल म्हणाला.

"नाही."

नायजेलने हातातल्या धूर निघणाऱ्या टायगरकडे पाहिलं. "हे त्याला कोण सांगणार?"

"आणि लढाई झालीच नाही," म्युरिएल म्हणाली, "म्हणजे विल्फचा स्टुअर्टही हरलेला नाही. हरला नाही त्याला काळा कसा करणार? आणि शेवटची लढाई त्याला द्यायची अजून बाकीच आहे. मास्तर, तुमच्या चाचण्या संपेपर्यंत टेबल मोकळं नाही ना?"

रॉडरिकने विचार केला. चाचण्या कधी संपणार, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "नाही," तो खरं तेच बोलला. "त्या संपत नाहीत."

"मग तोवर विल्फला दर मंगळवारी यावं लागेल," म्युरिएल म्हणाली. "ठरावच आहे तसा."

विल्फ उठून नायजेलजवळ गेला. टायगर हातात घेऊन त्याने डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ पाहिला.

"धूर फार सुरेख जमलाय," तो म्हणाला. "वारा पश्चिमेचा ना?"

"नैर्ऋत्येचा," नायजेल म्हणाला. मग म्हणाला, "आभारी आहे."

वसंतातल्या प्रदर्शनात लोक त्या धुराचे फोटो काढत होते. नायजेल बाजूला उभा राहून वाऱ्याबद्दल माहिती देत होता.

त्याआधी एका मंगळवारी, सगळ्यांच्या आधी येऊन, त्याने विल्फकडे मला मागितलं. खिशातून आपला सर्वांत बारीक कुंचला काढला. आमच्यात शत्रूचा रणगाडा जाळणाऱ्याच्या नळीवर एक पांढरं कडं काढतात. ते विल्फच्या डोळ्यांना जमणारं नव्हतं.

"मी हे अधिकृतपणे करत नाहीये," नायजेल म्हणाला.

"मीही बघत नाहीये," विल्फ म्हणाला. तेही खरंच होतं. कडं सुकल्यावर त्याने त्यावरून हळूच बोट फिरवलं, आणि त्याला ते सापडलं.

तर मित्रांनो, असा मी. आजही मी दर मंगळवारी लढतो आणि बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत जळतो, पण आता ताठ मानेने जळतो. तुमच्या घरीही एखादा जुना रणगाडा, एखादी चाक गेलेली मोटार, एखादा रंग उडालेला शिपाई असेल. त्याला टाकून देण्यापूर्वी एकदा हातात घ्या. त्याच्यामुळे कुणाला तरी कुठे तरी जायला कारण मिळत असेल.

शेवटी, जगातल्या सर्व सेनापतींस, मग ते टेबलावरचे असोत वा टेबलाबाहेरचे, कळवण्यात येते की: रणगाडा उचलताना नळीला धरू नये, बुडाला धरावे. पावसाळी हवेत त्यास रुमालात ठेवावे. तसेच यापुढे कोणतीही लढाई सुरू करण्यापूर्वी त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक रणगाड्याची लेखी संमती घेण्यात यावी. अशी संमती न मिळाल्यास उभय बाजूंच्या सैन्यांनी एकमेकांची माफी मागून आपापल्या घरी जावे, व तसे केल्याचे उलट टपाली कळवावे, ही विनंती.